केन कोर्सो : इटलीचा राखणदार यवतमाळच्या रानांत

इसवी सन २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवडा-राळेगावच्या रानांत दोन परदेशी कुळीचे कुत्रे दाखल झाले. वनखात्याच्या दप्तरांत टी-१ व वर्तमानपत्रांत अवनी म्हणून जी ओळखली जात होती, त्या वाघिणीच्या शोधासाठीं ते आणलेले होते. २०१६ पासून त्या टापूंत वाघाच्या हल्ल्यांनीं तेरा माणसें दगावल्याची नोंद झाली होती. त्यांत शेतावर गेलेलीं माणसें होतीं, गुरांमागें गेलेले गुराखी होते. वाघिणीस ठार मारण्याच्या हुकुमांत हात घालण्याचें सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबरांत नाकारलें. हत्ती, कॅमेरे, इतकेंच काय पण विलायती अत्तरसुद्धां, असे नाना उपाय चालूं होते. त्यांत गोल्फचे खेळाडू ज्योती रंधावा यांच्या या दोन कुत्र्यांची भर पडली. त्यांची जात केन कोर्सो.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं हें नांव त्या वेळीं प्रथमच ऐकिलें असेल. इटालियन भाषेंत ‘काने’ म्हणजे कुत्रा. ‘कोर्सो’ हा शब्द लॅटिन ‘कोहोर्स’ पासून आला असें बहुतेक मानतात, आणि त्याचा अर्थ वाड्याचें आवार व तेथील पहारा. रोमन सैन्याबरोबर जे मोलोसस जातीचे दांडगे कुत्रे असत, त्यांचा हा वंशज, अशी परंपरा आहे. इतिहासाच्या दृष्टीनें अधिक भरंवशाचें तें पुढचें : दक्षिण इटलींतील पुलिया, बासिलिकाता, कॅम्पानिया या प्रांतांतील शेतकऱ्यांचा हा शेकडों वर्षांचा सोबती. दिवसा गुरें हांकावयाचीं, रात्रीं दाराशीं बसावयाचें, आणि शिकारीच्या हंगामांत रानडुकरास धरून ठेवावयाचें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. डुकराचा माग काढणारे कुत्रे निराळे असत. त्यांनीं जनावर उठविलें म्हणजे त्यास पकडण्यापुरता कोर्सो पुढें सोडीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलींतील जुनी शेती मोडली आणि तिच्याबरोबर हा कुत्राहि दिसेनासा झाला. १९७० च्या सुमारास दुर्गम वस्त्यांवर कांहीं थोडे उरले होते. पाओलो ब्रेबर प्रभृति मंडळींनीं ते हुडकून काढून वंश पुन्हां सांवरला. १९८३ सालीं या जातीच्या अभिमान्यांची संस्था निघाली, १९९४ त इटलीच्या श्वानसंस्थेनें मान्यता दिली, आणि २००७ त आंतरराष्ट्रीय मान्यता कायम झाली. नराची उंची ६४ ते ६८ सेंटिमीटर, वजन ४५ ते ५० किलो; मादी किंचित् लहान. मान जाड, जबडा रुंद, केंस आंखूड. घरच्या माणसांशीं तो अत्यंत मायाळू असतो. अपरिचितास मात्र तो आधीं नीट पारखून घेतो.

असा कुत्रा वाघिणीच्या मागावर घालणें कितपत शहाणपणाचें होतें? गंधावरून मैलोगणती माग काढणें हा त्याचा पिढीजात धंदा नव्हे, आणि वाघ म्हणजे रानडुक्कर नव्हे. तेरा घरांतील शोकापुढें वनखात्यानें कोणताहि उपाय सोडूं नये हें समजण्यासारखें आहे. तथापि जनावराचा देह पाहून काम नेमावें आणि त्याचा स्वभाव पाहूं नये, ही चूक मोठ्यांकडूनहि होते. २ नोव्हेंबरच्या रात्रीं बोराटी गांवानजीक वाघीण पडली ती बंदुकीच्या गोळीनें. तिचीं दोन पिल्लें मागें रानांत राहिलीं. त्या मृत्यूवरून पुढें जो वाद माजला त्यांत बिचाऱ्या कुत्र्यांची आठवण कोणास राहिली नाहीं.

मार्च २०२४ मध्यें केंद्र सरकारनें घातक म्हणून ज्या तेवीस जातींची आयात व पैदास थांबविण्याविषयीं राज्यांना लिहिलें, त्यांत केन कोर्सोचेंहि नांव होतें. एप्रिलांत कर्नाटक उच्च न्यायालयानें तें पत्रक रद्द ठरविलें. दोष जातीचा कीं धन्याचा, हा प्रश्न न्यायालयांत सुटणारा नाहीं. तो घरांतच सुटावयाचा. पिल्लूं दोन-चार महिन्यांचें असतांनाच त्यास माणसें, मुलें, रस्त्यावरचा गलबला यांची संवय लावावी. मारझोड करूं नये, आणि सांखळीला तर जन्मभर बांधून ठेवूंच नये. बांधलेला राखणदार चिडका होतो. सांधे भरण्यास दीड वर्ष लागतें, तोंवर उंचावरून उड्या मारूं देऊं नयेत. अन्न एका वेळीं भाराभर न घालतां दोन वेळां विभागून द्यावें व जेवणावर लगेच धांवडवूं नये, कारण मोठ्या छातीच्या कुत्र्यांचें पोट फुगून पीळ पडतो आणि कांहीं तासांत प्राण जातो. पापणी आंत वळणें, कमरेचा सांधा ढिला असणें हे या वंशांतील नेहमींचे दोष. पिल्लूं घेण्यापूर्वीं त्याचे आईबाप पाहावे. पिसाळीची लस चुकवूं नये. वऱ्हाडांतील वैशाखांत पारा पंचेचाळिसाजवळ जातो, तेव्हां त्यास सूर्योदयापूर्वींच फिरवून आणावें, आणि दिवसभर सावलींत, ओल्या फरशीवर, पाण्याचें भांडें भरलेलें ठेवून निजूं द्यावें.