आयझेनहॉवरच्या दोन खाडाखोडी

आम्ही कोड लिहितो तेव्हा कोणी कुठली ओळ खोडली, त्या जागी काय घातलं, याची नोंद आपोआप राहते. इतिहासात अशी नोंद क्वचितच सापडते. ड्वाइट आयझेनहॉवरच्या बाबतीत ती दोनदा सापडते.

पहिली जून १९४४ची. नॉर्मंडीवरचा हल्ला काही तासांवर आला होता. मोहीम फसली तर काय जाहीर करायचं, ते या सरसेनापतीनं एका चिठोऱ्यावर लिहून ठेवलं. आधी लिहिलं होतं, सैन्य मागे घेण्यात आलं आहे. ते खोडून त्यानं केलं, 'मी' सैन्य मागे घेतलं आहे. दोष असेल तर तो फक्त माझा, असा शेवट. मोहीम फत्ते झाली आणि चिठोरा खिशातच राहिला.

दुसरी खाडाखोड ३ ऑक्टोबर १९५२ची. आता तो रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार होता. सभा विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात होती. तिथला सिनेटर जोसेफ मॅकार्थी त्याच्याच पक्षाचा. या मॅकार्थीनं वर्षभरापूर्वी जनरल जॉर्ज मार्शल यांच्या देशनिष्ठेवरच चिखलफेक केली होती. हे तेच मार्शल, ज्यांनी १९४१च्या डिसेंबरात आयझेनहॉवरला वॉशिंग्टनला बोलावून घेतलं आणि पुढे युरोपात पाठवलं. भाषणाच्या मसुद्यात मार्शल यांची बाजू घेणारा एक परिच्छेद होता. इथं मॅकार्थीला दुखवू नका, असा सल्ला पक्षातल्या मंडळींनी दिला. परिच्छेद गेला. बातमी मात्र वर्तमानपत्रात आलीच.

गरज तरी होती का? नोव्हेंबरमध्ये आयझेनहॉवर ४४२ विरुद्ध ८९ प्रतिनिधी-मतांनी जिंकला. विस्कॉन्सिनमध्ये तर त्याला मॅकार्थीपेक्षा जास्त मतं मिळाली.

म्हणून तो वाईट राष्ट्राध्यक्ष ठरत नाही. १९५३च्या जुलैत कोरियातली लढाई त्याच्याच कारकिर्दीत थांबली. पण सेनापतीचा राजकारणी होताना काय बदलतं, ते इथं दिसतं. सैन्यात हुकूम एकाचा, जबाबदारीही एकाची. पक्षात निर्णय दहा जणांच्या सल्ल्यातून होतो, आणि जबाबदारी त्या दहा जणांत वाटली जाऊन दिसेनाशी होते.

मिलवॉकीत काय झालं हे सांगताना आपणही सहज म्हणून जातो, 'परिच्छेद वगळण्यात आला'. १९४४च्या चिठोऱ्यावर त्यानं नेमकी हीच वाक्यरचना खोडली होती.