विगनची उतरती कळा आणि मस्कतचा गोलरक्षक

मे २०१३ च्या दुसऱ्या आठवड्यात, अवघ्या चार दिवसांच्या आत, विगन ॲथलेटिक या फुटबॉल क्लबाने एफए कप हा इंग्लंडातील सर्वांत पुरातन चषक जिंकला आणि त्याच देशाच्या सर्वोच्च श्रेणीतील आपले स्थान गमावले. एकाच हंगामात असे दोन्ही भोग एका क्लबाच्या वाट्याला येण्याचा, इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासातील तो पहिलाच प्रसंग होय. लँकेशायरच्या कोळसाखाणींच्या आणि सूतगिरण्यांच्या मुलखातील या गावाशी, जेथे फुटबॉलपेक्षा रग्बीचा मान परंपरेने मोठा, ओमानच्या सल्तनतीचा वस्तुतः काही संबंध असावयाचे कारण नव्हते. तथापि तो होता, आणि तो एका माणसामुळे होता. विगनचा गोलरक्षक अली अल हब्सी हा ओमानी. प्रीमियर लीगमध्ये खेळलेला आपल्या देशाचा पहिला खेळाडू. म्हणूनच त्या हंगामाचा वृत्तांत विगनच्या दप्तराबरोबर मस्कतच्याही दप्तरात नोंदला जावयास हवा असे मला वाटते. आणि या दोन दप्तरांतील नोंदी परस्परांशी जुळत नाहीत, हीच या प्रकरणातील मौज आहे.

मराठी माणसाला मस्कत हे नाव नवे नाही. हलवायाच्या दुकानात ते आपण नित्य ऐकतो. आणि ज्या अरबांनी १६५० मध्ये पोर्तुगीजांच्या हातून मस्कत हिसकावून घेतले, त्यांच्या गलबतांची दहशत पुढे वसईपर्यंत पोहोचली होती. अलीकडचे संबंधही थोडे नव्हेत. मस्कतच्या बाजारातील व्यवहार १९७० पर्यंत रुपयांत चालत, आणि १९३२ मध्ये राज्यत्याग केलेले सुलतान तैमूर बिन फैसल १९६५ मध्ये मुंबईतच निवर्तले. त्यांचे पुत्र सुलतान सईद यांच्या अंमलात मस्कतच्या वेशीचे दरवाजे रात्री बंद केले जात, आणि त्यानंतर रस्त्यावर निघणाऱ्याने हाती कंदील बाळगावा असा दंडक होता. साऱ्या मुलखात पक्की सडक जेमतेम दहा किलोमीटर, शाळा बोटांवर मोजण्याइतक्या. २३ जुलै १९७० रोजी पुत्र काबूस यांनी पित्यास पदच्युत करून राज्यसूत्रे हाती घेतली, तेव्हापासून शाळा, रुग्णालये, बंदरे आणि सडका यांच्याबरोबर क्रीडांगणेही या देशात उभी राहू लागली.

संघटित फुटबॉलचा ओमानी इतिहास म्हणूनच फार लांबचा नाही. आखाती चषकाच्या स्पर्धेत ओमानचा संघ प्रथम १९७४ मध्ये कुवेतला उतरला; देशांतर्गत लीग १९७६ मध्ये सुरू झाली; संघटनेची रीतसर स्थापना १९७८ मध्ये झाली. शेजारची कुवेत, इराक, सौदी अरेबिया ही राष्ट्रे तोवर पुष्कळ पुढे गेली होती, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे ओमानचा संघ आखाती स्पर्धेत जाई तो बहुधा तळाची जागा भरून काढण्यासाठीच. अशा पराभवांच्या दीर्घ परंपरेतून एक गुण मात्र निपजू शकतो. दुबळ्या संघात आघाडीवीराचे कौशल्य कुजते, कारण चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. गोलरक्षकाचे मात्र उजळते, कारण चेंडू अखंड त्याच्याचकडे येत असतो. ओमानने जगाला दिलेला पहिला नामांकित फुटबॉलपटू गोलरक्षक निघाला, यात मला योगायोग दिसत नाही.

हब्सीचा आरंभ अंतर्भागातील अल मुधैबीच्या क्लबातून झाला आणि पुढे तो सलालाच्या अल नस्रकडे गेला. चरितार्थासाठी तो सीब येथील विमानतळावर अग्निशामक दलात चाकरीस होता. त्याच्यावर नजर पडली ती जॉन बरिज या इंग्रज प्रशिक्षकाची, आणि या गृहस्थाविषयी दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. स्वतः गोलरक्षक असलेल्या बरिजने आपल्या प्रदीर्घ कारकीर्दीत इतके क्लब बदलले की त्यांची यादी देऊ लागल्यास हा निबंध गॅझेटियर होईल. १४ मे १९९५ रोजी, त्रेचाळीस वर्षे उलटून गेलेली असताना, तो मँचेस्टर सिटीच्या गोलमध्ये उभा राहिला आणि प्रीमियर लीगमध्ये खेळलेला सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. वुल्व्हरहॅम्प्टनचा संघ १९८३-८४ च्या हंगामात सर्वोच्च श्रेणीतून अगदी तळाच्या क्रमांकावर राहून खाली गेला, तेव्हा त्या संघाच्या गोलचा रखवालदारही हाच होता. बुडत्या जहाजावर सुकाणू धरणे म्हणजे काय हे ज्याने सोसले होते, असा गुरू हब्सीला लाभला.

इंग्लंडचा दरवाजा मात्र एकदम उघडला नाही. परदेशी खेळाडूस तेथे खेळण्याचा परवाना हवा, तर त्याच्या राष्ट्राचा क्रमांक जागतिक यादीत पहिल्या सत्तरांत असावा असा त्या काळचा दंडक होता, आणि ओमान त्या पंक्तीत नव्हते. म्हणून मस्कतहून बोल्टनची वाट ऑस्लोवरून गेली. २००३ मध्ये लिन या नॉर्वेजियन क्लबात तो रुजू झाला, पुढल्याच वर्षी त्या देशाचा सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून निवडला गेला, आणि जानेवारी २००६ मध्ये बोल्टन वाँडरर्सच्या सेवेत आला. तेथे युसी यास्केलाइनेन या फिनलंडच्या खंबीर गोलरक्षकामागे त्याला वर्षानुवर्षे बाकावर बसावे लागले. जो गृहस्थ शनिवारी बोल्टनच्या बाकावर उपेक्षित बसे, तोच आखाती चषकात लागोपाठ चार स्पर्धांत सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. जानेवारी २००९ मध्ये मस्कतलाच भरलेल्या स्पर्धेत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. अंतिम सामना सौदी अरेबियाविरुद्ध गोलशून्य राहून पेनल्टींवर गेला आणि ओमानने आखाती चषक प्रथमच जिंकला. दोन अंतिम सामने आधी हरलेल्या त्या राष्ट्राच्या दृष्टीने तो विजय साधा नव्हता.

आता श्रेणीतून खाली ढकलण्याच्या ज्या प्रथेने या कथेचा शेवट लिहिला, तिचाही थोडा पूर्वेतिहास पाहू. इंग्लंडातील लीग १८८८ मध्ये बारा क्लबांनी स्थापन केली, तेव्हा तळाच्या क्लबांना खाली ढकलावयास खाली काही नव्हतेच. त्यांना पुनःप्रवेशासाठी इतर क्लबांची मते मागावी लागत. १८९२ मध्ये दुसरी श्रेणी निघाली आणि वरच्या श्रेणीतील तळाचे व खालच्या श्रेणीतील शिखरावरचे संघ परीक्षेचे सामने खेळू लागले. त्या सामन्यांत संगनमताचा संशय आल्यामुळे १८९८ पासून ती पद्धत मोडीत काढून, अमुक क्रमांकाचा क्लब आपोआप खाली जाईल असा नियम झाला. मेहेरबानीच्या जागी गणित आले. प्रीमियर लीगमध्ये आज तळाचे तीन क्लब खाली जातात, आणि या गणितापुढे चषक, लौकिक, जुनी सनद, कशाचीच मातब्बरी चालत नाही.

विगनची चढण याच गणिताने घडविली होती. १९७८ पर्यंत या क्लबाला लीगमध्ये जागाच नव्हती. १९६० च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्नकडून खेळताना पाय मोडून घेतलेल्या आणि पुढे व्यापारात धनवान झालेल्या डेव्ह व्हेलन याने १९९५ मध्ये तो विकत घेतला, आणि दहा वर्षांत, २००५ मध्ये, तो सर्वोच्च श्रेणीत दाखल झाला. हब्सी २०१० मध्ये बोल्टनकडून उसना तेथे आला आणि वर्षाअखेर क्लबाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या हंगामात शेवटच्या दिवशी स्टोकवर १-० असा विजय मिळाला म्हणून विगन वाचले. पुढील वर्षी हब्सीला कायम करण्यात आले. मँचेस्टर सिटीच्या तेवेझची आणि लिव्हरपूलच्या चार्ली ॲडमची पेनल्टी त्याने अडविली ती याच २०११-१२ च्या हंगामात, आणि शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकून, त्यांत मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल आणि लिव्हरपूल यांना हरवून, विगन पुन्हा तरले. वसंत ऋतू आला की विगन बुडत नाही, अशी एक श्रद्धाच मग रूढ झाली. असल्या श्रद्धा फार घातक असतात, कारण त्या हिवाळ्यातील हिशेबाकडे दुर्लक्ष करावयास शिकवितात.

२०१२-१३ च्या हंगामाचा हिशेब आरंभापासूनच तुटीचा होता. व्हिक्टर मोझेसला चेल्सीने नेले, रोदायेगा फुलहॅमला गेला. चांगला खेळाडू घडवावा आणि मोठ्या क्लबाने तो उचलावा, हा छोट्या क्लबाचा जन्मजात प्रपंच त्या वर्षी विशेष नडला. रोबेर्तो मार्तिनेझ हा स्पॅनिश प्रशिक्षक तीन बचावपटूंची मांडणी करून चेंडू पायाशी ठेवून खेळण्याचा आग्रह धरी. ती मांडणी डोळ्यांना सुखावणारी खरी, पण चेंडू हरवला की गोलरक्षक उघडा पडे. अडतीस सामन्यांत विगनवर ७३ गोल झाले. इतके केवळ रेडिंगवर झाले, आणि तोही क्लब खालीच गेला. हब्सी त्यांपैकी २९ सामने खेळला. अखेरच्या टप्प्यात अत्लेतिको माद्रिदहून उसन्या आणलेल्या होएल रोब्लेसला त्याच्या जागी उभे करण्यात आले. तटबंदी ढासळल्यावर किल्लेदार बदलण्याचा हुकूम काढणे सोपे असते, आणि हब्सीकडूनही त्या हंगामात पूर्वीची अचूकता राहिली नव्हती हे मान्य करावयास हवे. परंतु बदलाने तट काही सावरला नाही.

११ मे रोजी वेंब्लीवर मँचेस्टर सिटीविरुद्ध एफए कपचा अंतिम सामना झाला. नोव्हेंबरात पाय मोडून घेतलेल्या बेन वॉटसनने नव्वदावे मिनिट उलटल्यावर डोक्याने गोल केला आणि विगनने आपल्या इतिहासातील पहिला मोठा चषक उचलला. गोलमध्ये रोब्लेस होता. हब्सीला मैदानात उतरावयास मिळाले नाही. ७ मे रोजी स्वान्सीविरुद्ध घरच्या मैदानावर दोनदा आघाडी घेऊन २-३ असा हरलेला सामना तोवर क्लबाच्या गळ्याशी येऊन बसला होता. १४ मे रोजी आर्सेनलने ४-१ असे हरविले आणि सर्वोच्च श्रेणीतील आठ वर्षांचा मुक्काम संपला. मस्कतमध्ये त्या वेळी मध्यरात्र उलटून गेली होती. नऊ विजय, नऊ बरोबऱ्या, वीस पराभव, ३६ गुण. त्याच्या लगत वर राहिलेल्या संडरलंडचे ३९.

विगनच्या दप्तरातील नोंद येथे संपते. मस्कतच्या दप्तरातील मात्र अपुरीच राहते. ज्या हंगामात हब्सीचा क्लब बुडत होता, त्याच हंगामात त्याचा देश २०१४ च्या विश्वचषकासाठी आशियाच्या अंतिम फेरीत झुंजत होता. पॉल ल गेन या फ्रेंच प्रशिक्षकाच्या संघाने मस्कतला ऑस्ट्रेलियाशी गोलशून्य बरोबरी केली, जॉर्डनला २-१ असे हरविले, जपानकडून मात्र शेवटच्या क्षणी १-२ अशी हार पत्करली. २६ मार्च २०१३ रोजी सिडनीत ओमानने दोन गोलांची आघाडी घेतली आणि ती २-२ वर गमावली. तरीही ४ जूनला इराकला हरवून आशा तेवत राहिली. १८ जूनला अम्मानमध्ये जॉर्डनने १-० असा विजय मिळविला, दहा गुणांनी तो ओमानच्या नऊ गुणांपुढे तिसरा गेला, आणि ओमानची वाट बंद झाली. पाच आठवड्यांच्या अंतराने दोन ताळेबंद बंद झाले. विगनचा तीन गुणांनी, ओमानचा एका गुणाने. मला विचाराल तर मस्कतच्या माणसाला दुसराच अधिक लागला असणार.

त्याच वर्षी ओमानमध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली, आणि तिचा पहिला चषक अल नहदाने जिंकला. चढण्या-उतरण्याचा इंग्लिश कायदा तेथेही लागू होता. विगन दुसऱ्या श्रेणीत राहूनच, चषकविजेते म्हणून, युरोपा लीगचे सामने खेळून आले, आणि मार्तिनेझ एव्हर्टनला गेला. हब्सी पुढे ब्रायटन आणि मग, ज्याच्यावर त्या हंगामात विगनइतकेच गोल झाले होते त्या, रेडिंगकडे गेला. प्रीमियर लीगमध्ये तो पुन्हा खेळला नाही. २९ मे २०१७ रोजी मात्र तो त्या उंबरठ्याशी येऊन ठेपला. वेंब्लीवर हडर्सफील्डविरुद्ध बढतीचा सामना गोलशून्य सुटून पेनल्टींवर गेला, त्याने एक पेनल्टी अडविली, आणि तरीही ३-४ असा पराभव होऊन वर गेले ते हडर्सफील्ड.