पान एक, कर्ते दोन

वेबपान ‘उघडले’ असे आपण म्हणतो, पण उघडायला आपण कुठे गेलेलो नसतो. पानाची एक प्रत आपल्या यंत्रावर येते, ब्राउझर त्या मजकुराचे झाड बांधतो आणि त्या झाडाकडे पाहून पडदा रंगवतो. मथळा ही एक फांदी, परिच्छेद दुसरी, किमतीचा आकडा पार टोकाला. या रचनेला डॉम म्हणतात. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला. तेव्हापासून पानाचा निर्माता पानासोबत आपले हुकूमही, म्हणजे स्क्रिप्ट, धाडत आला आहे. वाचकाने स्वतःचा हुकूम त्यावर चालवला, तर मूळ पानाला धक्का लागत नाही, बदलते ती त्याच्याकडची प्रत. म्हणून ‘वाचकाला हा अधिकार आहे का’ हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. अवघड आहे तो दुसराच: एकमेकांना अनोळखी अशा दोन लेखकांच्या स्क्रिप्ट एकाच पानावर नांदायच्या, तर मधली भिंत कुठे घालायची?

सर्वांत साध्या प्रकारात भिंत नसतेच. बुकमार्क साठवताना पत्त्याच्या जागी ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द, अपूर्णविराम आणि पुढे हुकमाची एक ओळ लिहायची. टिचकी मारली की समोरच्या पानावर ती एकदा चालते आणि संपते. याला बुकमार्कलेट म्हणतात. हे नाव १९९८ मध्ये स्टीव्ह कँगस यांनी दिले. ते पानाच्याच अंगणात चालते, पानाइतक्याच अधिकारांनी. मी वाचत असलेल्या बातम्यांच्या एका स्थळावर ओळी इतक्या दाटीने बसवलेल्या होत्या की ‘आर्थिक’चा रफार वरच्या ओळीतल्या उकाराला भिडे. परिच्छेदांतल्या ओळींची उंची १.८ पट करणारे बुकमार्कलेट त्याला पुरले. दर बातमीला टिचकी मारावी लागे, तेवढेच.

टिचकी टाळायची तर स्क्रिप्ट आपोआप चालली पाहिजे. आरॉन बूडमन यांच्या ग्रीझमंकी या विस्ताराने फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ही सोय केली. स्क्रिप्टच्या माथ्यावर ती कोणत्या पत्त्यांवर चालवायची ते लिहायचे, बाकी ग्रीझमंकी पाहते. पण तिने आणखी एक गोष्ट दिली. साध्या पानाला परक्या स्थळावरचा मजकूर मुक्तपणे वाचता येत नाही. ग्रीझमंकीच्या स्क्रिप्टला तो आणण्यासाठी खास फंक्शन मिळाले. ही किल्ली हातात असलेली स्क्रिप्ट मात्र पानाच्याच अंगणात चालत होती.

परिणाम जुलै २००५ मध्ये दिसला. ग्रीझमंकीवर पुस्तक लिहिणाऱ्या मार्क पिल्ग्रिम यांनीच दाखवून दिले की लबाड पान ते खास फंक्शन पकडू शकते आणि त्याच्याकरवी वाचकाच्या संगणकावरच्या फायलीसुद्धा वाचून घेऊ शकते. तातडीच्या आवृत्तीत सगळे खास अधिकार काढून टाकण्यात आले, आणि पुढे भिंत नव्याने बांधली गेली. आज ब्राउझर वाचकाच्या स्क्रिप्टला वेगळे ‘जग’ देतो. तिची चलपदे आणि फंक्शने पानाला दिसत नाहीत, पानाची तिला दिसत नाहीत. झाड मात्र दोघांचे सामाईक.

सामाईक झाड म्हणजे काय ते मला किराणा मागवताना कळले. किमती आणि नग देवनागरी आकड्यांत दिसावेत म्हणून मी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: मजकुराचे प्रत्येक टोक गाठायचे आणि 2 दिसला की तिथे २ लिहायचा. पान झकास दिसले. मग तुरीच्या डाळीचा नग वाढवला, तर एकूण रकमेच्या जागी ‘नॅन’ उमटले, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’. ते पान नग स्वतःच्या स्मृतीत न ठेवता पडद्यावरच्या मजकुरातून परत वाचत होते, आणि जावास्क्रिप्टचे संख्या ओळखणारे फंक्शन देवनागरी आकडे जाणत नाही. भिंत शाबूत होती, कोणी कोणाचे चलपद चोरले नव्हते. तरी हिशेब बुडाला.

काळाचाही घोळ आहेच. हल्ली पान एकदा येऊन थांबत नाही. खाली सरकावे तसतशा नव्या फांद्या फुटतात. स्क्रिप्ट तोवर आपले काम उरकून बसलेली असते. यावर म्युटेशन ऑब्झर्व्हर नावाचा पहारेकरी ठेवता येतो, जो झाडात बदल झाला की कळवतो. पण त्याला आपला बदल आणि पानाचा बदल यांतला फरक कळत नाही. प्रत्येक किमतीपुढे ‘फक्त’ जोडणारी स्क्रिप्ट निष्काळजीपणे लिहा, तो ‘फक्त’ हाही बदलच ठरेल आणि ‘फक्त फक्त फक्त’ करत टॅब गोठेल.

दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट बसवणे ही तर वेगळीच जोखीम. बँकेच्या पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टला तिथला शिल्लक आकडा वाचता येतो, मग तिचे घोषित काम रंग बदलण्याचे का असेना. क्रोमच्या १३८व्या आवृत्तीपासून ग्रीझमंकीसारखेच काम करणाऱ्या टँपरमंकीसारख्या विस्ताराला वाचकाच्या स्क्रिप्ट (यूजर स्क्रिप्ट) चालवू देण्यासाठी त्याच्या माहितीपानावर वेगळी कळ दाबावी लागते. अनेकांना ही कटकट वाटते; मला ती रास्त वाटते. सर्व स्थळांवर चालण्याची परवानगी मागणारी स्क्रिप्ट दिसली की मी आधी तिच्या माथ्यावरच्या ओळी वाचतो.

किराण्याचे पुढे असे झाले. झाडातल्या मजकुराला हात लावायचाच नाही, असे ठरवले. संगणकावर एक फाँट बसवला, ज्यात इंग्रजी 2 च्या जागी २ ची आकृती रेखली आहे, आणि स्क्रिप्टकडून पानाच्या शैलीत तो फक्त आकड्यांना लावला. आता पान 2 वाचते, मला २ दिसतो, बेरीज बरोबर येते. यादी कॉपी करून घरी पाठवली की आकडे तेवढे पुन्हा इंग्रजी होतात.