वडाखालचा बाजार आणि पदवी

वित्तक्षेत्रात जायचे तर पदवी वाणिज्याची घ्यावी की अर्थशास्त्राची, हा प्रश्न मुंबईत १९१३ पासून खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्या वर्षी वाणिज्य शिकवणारे सिडनहॅम कॉलेज निघाले आणि त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाची पात्रता ठरवून दिली. त्याआधी हिशेब पेढीवरच शिकायचा: लाल कापडाच्या वहीत रोजमेळ, त्यावरून खतावणी, आणि मेळ बसेपर्यंत उठायचे नाही. दलाल वडाखाली उभ्याने सौदे करीत. १८७५ साली त्यांनी आपली संघटना बांधली, तेव्हाही पदवीची अट कुणाच्या मनात नव्हती.

मग पदवीवाचून अडले काय, असे कुणी विचारील. अडले ते १८६५ साली. अमेरिकी यादवीत कापसाचा पैसा वाहत आला आणि मुंबईच्या बॅकबेत समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या ५ हजारांच्या शेअरला ५० हजारांचा भाव आला. यादवी संपताच तो कोसळला, आणि शेअर तारण ठेवून कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. रोजमेळ चोख ठेवता येतो. पण कापसाचा भाव का चढला, किती टिकेल, हे खतावणीत दिसत नाही. म्हणूनच सिडनहॅममध्ये १९१८ पासून डॉ. आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते, ही गोष्ट मला मोलाची वाटते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला. हिशेबाची पदवी नोकरी लवकर देते, हे खरेच. दुसऱ्याचा पैसा गुंतवणाऱ्याने मात्र अर्थशास्त्र आधी शिकावे.