ग्रेगोरियन गायनाचे पुनरुज्जीवन

कॅथलिक उपासनेतील ग्रेगोरियन गायन म्हणजे लॅटिन प्रार्थनेचे एकाच सुरावटीत केलेले गायन. त्याला तालाचे बंधन नाही. शब्दाचा उच्चार जसा चालेल तसा स्वर चालतो. इ. स. ५९० ते ६०४ या काळात पोपपदी असलेल्या पहिल्या ग्रेगरीचे नाव परंपरेने त्यास लाभले. तथापि ही एका पुरुषाची रचना नव्हे; अनेक पिढ्यांच्या कंठांतून ती घडत आली.

पुढे या गायनाचे रूप पालटत गेले. रोममध्ये १६१४-१५ साली छापलेल्या ग्रंथात तर संपादकांनी लांब स्वरालाप छाटून टाकले. फ्रेंच राज्यक्रांतीत अनेक मठ बंद पडले, आणि त्यांबरोबर तेथील नित्य गायनही थांबले.

१८३३ साली प्रॉस्पेर गेरांजे या धर्मगुरूने फ्रान्समधील सोलेम येथे बेनेडिक्टाइन मठजीवन पुन्हा सुरू केले. तेथील संन्याशांनी जुनी हस्तलिखिते ताडून पाहण्यास आरंभ केला. निरनिराळ्या काळांतील व प्रांतांतील प्रती जेथे एकमत होतात, तेथे मूळ सुरावट मानावी, हा त्यांचा दंडक होता. १८८९ पासून त्यांनी हस्तलिखितांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. एकाच गीताच्या दोनशेहून अधिक प्रती अभ्यासकांपुढे मांडल्या.

या परिश्रमास १९०३ साली दहाव्या पायस पोपच्या आज्ञापत्राने राजमान्यता मिळाली. भाविकांनी मूक श्रोते न राहता हे गायन स्वतः करावे व उपासनेत सहभागी व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. शुद्ध केलेला गायनग्रंथ १९०८ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केला.

भाविकांच्या सहभागाचा हाच आग्रह पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अधिक जोराने धरला. ४ डिसेंबर १९६३ च्या तिच्या घोषणापत्राने ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान दिले आणि त्याच वेळी देशभाषांना उपासनेचे दारही उघडले. अल्पावधीत बहुतेक चर्चमधून लॅटिन मागे पडली. सुरावट लॅटिन शब्दांशी जखडलेली असल्याने तीही त्यांच्याबरोबर मागे सरली. १९७४ साली सहाव्या पॉल पोपने सोप्या लॅटिन गीतांची एक छोटी पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठविली. परंतु ओघ फिरला नाही.

ज्या हेतूने हे गायन सामान्य भाविकांच्या मुखी देऊ केले, त्याच हेतूपायी ते त्यांच्यापासून दुरावले. प्रार्थनेचा अर्थ त्यांना स्वभाषेत उमगू लागला, हा लाभ थोडा नव्हे. पण त्याचे मोल एका प्राचीन स्वरपरंपरेने चुकते केले. सोलेमच्या मठात मात्र ती परंपरा आजही नित्य उपासनेत गाइली जाते.