रंग जातो कुठे?

गिरण्यांचा इतिहास म्हटलं की आपण भोंगा, साचे, चाळी आणि १९८२ चा संप एवढ्यावर थांबतो. डाईंग खात्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. वरळीकर म्हणून मला तोही आपलाच इतिहास वाटतो.

ज्या बॉम्बे डाईंगची गिरणी वरळीत होती, तिची सुरुवात १८७९ साली नौरोसजी वाडियांनी केली ती सूत रंगवण्यापासून. रंग तीनच: लाल, हिरवा, नारिंगी. सूत हाताने बुडवायचं आणि उन्हात वाळवायचं. त्याआधी १८५६ मध्ये लंडनला पर्किनला पहिला कृत्रिम रंग सापडला होता. पुढे १९५६ पासून धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग आले. कापड विटेनासं झालं! पण यातला बराच रंग धाग्याला न लागता पाण्याबरोबर वाहून जातो. आणि जो रंग उन्हाला, साबणाला दाद देत नाही, तो नाल्यातल्या जिवाणूंना काय दाद देणार?

रंग बनवण्याचं शास्त्र इथेच, माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकवलं गेलं; ती संस्था १९३३ ची. पाणी प्रदूषणाचा केंद्रीय कायदा मात्र १९७४ चा. म्हणजे बघा.

आता रंग काढण्याचे उपाय निघालेत. त्यातला एक आपल्या कोळीवाड्याच्या ओळखीचा: कोळंबीची टरफलं! त्यांपासून कायटोसान बनतं. आम्लधर्मी पाण्यात त्यावर धन भार येतो, रिअ‍ॅक्टिव्ह रंगांवर ऋण भार असतो, म्हणून रंग त्याला चिकटतो. पण नुसतं कायटोसान आम्लात विरघळतं. म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींत जोडतात आणि चिकणमाती किंवा चुंबकीय लोहकण मिसळून दाणे करतात. लोहकण असले की दाणे चुंबकाने बाहेर ओढता येतात. यालाच कंपोझिट म्हणतात.

गोम अशी, की रंग नाहीसा होत नाही. पाण्यातला दाण्यांवर येतो, इतकंच. दाणे धुतले की पुन्हा रंगीत पाणी.

वरळीचंही तेच झालं. गिरण्या गेल्या, टॉवर आले. पण रंगाची कामं भिवंडी, डोंबिवली, तारापूरला चालूच आहेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला निळी कुत्री दिसली तेव्हा सगळे चकित झाले. मला नवल वाटलं नाही. म्हणून असं काही संशोधन वाचताना रंग किती टक्के निघाला हे मी नंतर बघतो. त्या दाण्यांचं पुढे काय केलं, हे आधी शोधतो.

असो. तुमच्या घरी कुणी डाईंग खात्यात होतं का? ते पाणी कुठे सोडायचे, आठवत असेल तर जरूर लिहा.