रविवार कोणी ठरवला?

मंडळी, जूचंद्र हे वसईजवळचं गाव. डोंगरावर चंडिकादेवीचं देऊळ, रांगोळीच्या कलेत गावाचं नाव, आणि वसई-दिवा लोहमार्गावर गावाच्याच नावाचं स्टेशन. इथले दोन भाऊ कल्पून पाहा. थोरला पालघर जिल्ह्यातल्या सरकारी कचेरीत, धाकटा मुंबई उपनगरातल्या. शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५. ईद-ए-मिलादची सुट्टी म्हणून थोरला घरी; धाकटा मात्र डबा घेऊन गाडीला पळतो आहे. सोमवारी, ८ तारखेला, नेमकं उलट!

झालं होतं असं. ६ तारखेला अनंत चतुर्दशी. विसर्जनाची गर्दी लक्षात घेऊन मुस्लिम बांधवांनी आपला जुलूस ८ तारखेला काढायचं ठरवलं. शासनानं मग मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती सुट्टी ८ तारखेला नेली. बाकीच्या महाराष्ट्रात ती ५ लाच राहिली.

आता बिचाऱ्या संगणकाचं काय? कुठल्याही तारखेचा वार तो सातानं भागून, बाकी पाहून क्षणात सांगतो. सुट्टी मात्र भागाकारात सापडत नाही. ती माणसं ठरवतात, आणि संगणकाला तिची यादी हाती द्यावी लागते.

तुम्ही म्हणाल, रविवार तरी ठरलेला आहे ना? तोही कोणीतरी ठरवलेलाच आहे, बरं का. १८८१ साली वचनचिठ्ठ्या, धनादेश यांचा कायदा झाला. त्यानं रविवार ही सार्वजनिक सुट्टी मानली. चिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली, तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असं समजायचं. त्याच वर्षी कारखान्यांचाही कायदा झाला. त्यात महिन्याला चार सुट्ट्या होत्या, पण फक्त लहान मुलांना. म्हणजे कागदाला रविवार मिळाला, गिरणीतल्या मोठ्या माणसाला नाही!

तो मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून त्यांनी मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. मालकांनी कान दिला नाही. सहा वर्षं पाठपुरावा चालला. १८९० च्या एप्रिलात मोठी सभा झाली, तीत स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघानं रविवार मान्य केला. पुढच्या वर्षी कारखान्यांच्या सुधारलेल्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

आजही आपल्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी त्याच १८८१ च्या कायद्याचं नाव घेऊन राजपत्रात निघते. मात्र मुदतीचा नियम सगळीकडे एक नाही. कचेरीत वा न्यायालयात करायचं काम सुट्टीमुळे अडलं, तर १८९७ चा एक कायदा पुढचा उघडा दिवस देतो. चिठ्ठीची मुदत मागे सरते, अर्जाची पुढे. हा फरक आज्ञावली लिहिणाऱ्यानं विसरला, तर एखाद्या शेतकऱ्याचा वेळेत आलेला अर्ज उशिराचा ठरायचा.

गुरुजींनी वर्गात हे गणित जरूर घालावं. दोन्ही भावांच्या कचेऱ्यांत गुरुवारी, ४ सप्टेंबरला, अर्ज आला. उत्तर एका कामाच्या दिवसात द्यायचं आहे. सरकारी कचेऱ्यांचा आठवडा २०२० पासून पाच दिवसांचा, तेव्हा शनिवार-रविवार वगळा. मुंबईत उत्तर येतं ५ तारीख, पालघरला ८. आता मुदत दोन दिवसांची करून पाहा. दोन्हीकडे ९! चुकीच्या जिल्ह्याची यादी वापरली तरी उत्तर बरोबर, आणि चूक कुणाच्या ध्यानातही यायची नाही. म्हणून आज्ञावली तपासताना एकच उदाहरण घेऊन थांबू नये. यादीत तारखेबरोबर जिल्हाही लिहावा, आणि सुट्टी बदलल्याचा हुकूम कोणत्या दिवशी निघाला तेही.